संगणकाच्या पोटातली झाडलोट

कोल्हापूर घ्या, सांगली घ्या, नाहीतर बेळगाव. ज्या घरातली मुलगी किंवा मुलगा बंगळूरला नोकरीला आहे, त्या घराला एक प्रश्न हमखास विचारला जातो. शेजारच्या काकू म्हणतात, ‘‘तुमची लेक तिकडे नक्की करते तरी काय हो?’’ आई सांगते, ‘‘कॉम्प्युटरमध्ये आहे.’’ काकूंचे तेवढ्याने समाधान होत नाही आणि आईला त्यापुढचे सांगता येत नाही. गणपतीला लेक घरी आली की विषय पुन्हा निघतो. ‘‘सांग ना गं काकूंना, काय करतेस ते.’’ आणि ती खरे तेच सांगते, ‘‘जुना कोड साफ करते, काकू.’’

काकूंचा चेहरा पडतो. इंजिनियरिंगची चार वर्षे, क्लासची फी, कॅम्पस इंटरव्ह्यू, एवढे सगळे करून शेवटी साफसफाईच?

काकूंचा दोष नाही. नवे ॲप काढणाऱ्याचे फोटो छापून येतात. दुसऱ्याने पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेले वाचायचे, त्यातला गुंता सोडवायचा, शिळी वाक्ये पुसायची आणि वर पुन्हा ‘कामात काहीही फरक पडलेला नाही’ असे लिहून द्यायचे, या उद्योगाचे पेढे कुणी वाटत नाही. घरातल्या बाईच्या कामासारखेच आहे हे. झाले तर दिसत नाही, राहिले तर सगळ्यांना दिसते. पण आज बँकेचा हिशेब, रेल्वेचे तिकीट, दवाखान्याचे रिपोर्ट ज्या यंत्रांवर चालतात, त्या यंत्रांच्या पोटात ही झाडलोट झाली नाही तर काय होते, हे एकदा पाहण्यासारखे आहे.

एक वाडा, दहा बिऱ्हाडे

‘क्लाउड’ हा शब्द आता घरोघरी पोचला आहे. ढग वगैरे काही नसते. कुठेतरी एका मोठ्या इमारतीत बलाढ्य संगणकांच्या रांगा असतात आणि तिथली जागा भाड्याने मिळते. एका संगणकावर एकच भाडेकरू ठेवणे परवडत नाही. म्हणून एकाच यंत्रावर दहा-वीस आभासी संगणक उभे करतात. त्यांना ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणतात. जुन्या वाड्यात दहा बिऱ्हाडे असतात तसेच, फक्त इथली करामत अशी की, प्रत्येक बिऱ्हाडकरूला वाटते, सगळा वाडा आपलाच. नळ आपला, अंगण आपले. शेजारी कुणी राहते याचा त्याला पत्ताही नसतो. हा देखावा उभा करणारा आणि पाणी, वीज, जागा वाटून देणारा जो घरमालक प्रोग्रॅम असतो, त्याला ‘हायपरव्हायझर’ असे नाव आहे.

कल्पना नवी नाही. आयबीएमच्या अमेरिकेतल्या केंब्रिज येथील केंद्रात १९६० च्या दशकातच त्यावर काम झाले आणि १९७२ मध्ये कंपनीने ती आपल्या मोठ्या संगणकांसाठी बाजारात आणली. टेबलावरच्या संगणकात वापरतात त्या जातीच्या प्रोसेसरना मात्र इंटेलने २००५ च्या अखेरीस आणि एएमडीने २००६ मध्ये या कामाची खास सोय जोडली. २००६ च्या ऑक्टोबरात ‘क्यूमरानेट’ या छोट्या इस्रायली कंपनीने ‘केव्हीएम’ नावाचा घरमालक लिनक्ससाठी लिहून जाहीर केला आणि २००७ च्या फेब्रुवारीत तो लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत दाखलही झाला. लिनक्सचा मूळ गाभा म्हणजे ‘कर्नल’. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने तो लिहिला तेव्हा सुमारे दहा हजार ओळींचा होता. आज तो चार कोटी ओळींच्या घरात आहे.

वाड्यात सगळ्यात महत्त्वाची असते ती दोन खोल्यांमधली भिंत. तुमच्या बँकेचे बिऱ्हाड एका बाजूला आणि कुणी अनोळखी इसम पलीकडे. त्या भिंतीला भोक पडले तर?

२०१५ च्या मे महिन्यात नेमके असे भोक सापडले. ‘क्राउडस्ट्राइक’ या कंपनीतल्या जेसन गेफनर या संशोधकाने ते शोधले. त्याला ‘व्हेनम’, म्हणजे विष, असे नाव पडले. हे भोक होते कुठे, तर आभासी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये! ती चौकोनी, काळी फ्लॉपी आता नातवंडांना दाखवायलाही घरात सापडणार नाही. पण केव्हीएम आणि झेन या घरमालकांच्या सोबतीला असणाऱ्या ‘क्यूएमू’ या प्रोग्रॅममध्ये तिची नक्कल करणारा कोड तसाच पडून होता. चूक शिरली होती २००४ मध्ये. अकरा वर्षे तिकडे कुणाचे लक्षच गेले नाही, कारण फ्लॉपी कोण वापरते? गंमत अशी की, आपल्या आभासी संगणकाला फ्लॉपी जोडू नका असे सांगून ठेवले तरी आतला धोकादायक भाग काही ठिकाणी जागाच राहत होता. माळ्यावर टाकून दिलेल्या शेगडीचा गॅस चालूच असावा, तसा प्रकार. वेळीच कळले, जगभर दुरुस्त्या झाल्या आणि अनर्थ टळला.

डब्यावर साखर, आत मीठ

कोडमध्ये दोन प्रकारचा मजकूर असतो. एक संगणकासाठी, दुसरा माणसासाठी. ‘इथे हा आकडा दोनने का वाढवला’, ‘हे दार उघडण्याआधी ते कुलूप लावलेले असले पाहिजे’ असे शेरे लिहिणारा मध्ये मध्ये लिहून ठेवतो. त्यांना ‘कॉमेंट’ म्हणतात. एक विशिष्ट खूण केली की पुढचा मजकूर संगणक वाचतच नाही, सरळ ओलांडून जातो.

खरी गोम इथेच आहे. कोड चुकला तर आज ना उद्या यंत्र अडते, बोंब मारते. कॉमेंट चुकली तर यंत्राला काहीच होत नाही. ती तपासणारे कुणी नसते. स्वयंपाकघरातल्या डब्यांचे पाहा. बोर्नव्हिटाच्या डब्यात रवा आहे हे घरच्या बाईला पाठ असते, म्हणून वर्षानुवर्षे चालून जाते. ती चार दिवस माहेरी गेली आणि नवी सून किंवा पाहुणी स्वयंपाकाला लागली, की ‘साखर’ लिहिलेल्या डब्यातले मीठ शिऱ्यात पडते. कोडचे तसेच होते. लिहिणारा नोकरी सोडून जातो, कोड बदलत राहतो आणि वरचे लेबल मात्र पहिल्या दिवसाचेच राहते.

हे केवळ गृहीत नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये एक प्रोग्रॅम तयार केला. तो कॉमेंट वाचून तिच्यातला नियम काढायचा आणि शेजारचा कोड तो नियम पाळतो का, ते बघायचा. लिनक्ससह चार मोठ्या प्रोग्रॅमवर तो चालवला तेव्हा कॉमेंट आणि कोड यांच्यात ६० विसंगती निघाल्या. त्यातल्या ३३ ठिकाणी कॉमेंट बरोबर होती आणि कोड चुकलेला. उरलेल्या २७ ठिकाणी उलट, कोड ठीक, पण कॉमेंट दिशाभूल करणारी. ती वाचून पुढच्या माणसाने काही लिहिले असते तर तीही एक चूकच झाली असती.

याहून जुना किस्सा युनिक्सचा आहे. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत एका कामावरून दुसऱ्या कामावर उडी मारणारा एक तुकडा होता आणि त्याच्यावर शेरा होता की, हे तुम्हाला कळावे अशी अपेक्षा नाही. संगणकवाल्यांत हा शेरा फार गाजला. लोकांना वाटले, काय हा अहंकार! डेनिस रिची यांनी पुढे खुलासा केला. परीक्षेत हे विचारणार नाही, अशा अर्थाने ते लिहिले होते. पण खरी अडचण वेगळीच होती, ते आतमध्ये काय चालले आहे हे लिहिणाऱ्यांनाही पुरते कळले नव्हते. ज्या यंत्रावर युनिक्स वाढले तिथे योगायोगाने ते चालत राहिले. दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावर न्यायची वेळ आली तेव्हा ती रीत मुळातच सदोष असल्याचे उघड झाले. रिचींसारखा माणूस हे मोकळेपणाने सांगतो, हे विशेष. आपल्याकडच्या किती साहेबांना जमेल?

ओसरीवर बसवलेला पाहुणा

कॉमेंट नीट करणे हे झाले लेबल बदलणे. त्याच्या बरोबरीने डबेही हलवावे लागतात. कोड करतो तेच काम तसेच करीत राहील, पण आतली मांडणी सुटसुटीत होईल, अशा फेरमांडणीला ‘रिफॅक्टरिंग’ म्हणतात. मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या पुस्तकाने हा शब्द सर्वतोमुखी झाला. जेवण रोजचेच, रोजच्याच वेळेला, चूल एक दिवसही बंद ठेवायची नाही आणि तरी ओटा या भिंतीचा त्या भिंतीला न्यायचा, असे हे काम. केव्हीएममध्ये इंटेलच्या प्रोसेसरसाठी असलेली एकच फाईल वाढता वाढता पंधरा हजार ओळींच्या आसपास गेली होती. २०१९ च्या मार्चमध्ये आलेल्या लिनक्स ५.० मध्ये तिचे विषयवार तुकडे झाले. एएमडीच्या फाईलची वाटणी त्यानंतर, २०२० मध्ये झाली. क्लाउड भाड्याने घेतलेल्या कुणालाही यातले काही जाणवले नाही. जाणवू नये हीच अट असते.

या क्षेत्रातली सर्वात गाजलेली झाडलोट मात्र मायक्रोसॉफ्टच्या नावावर आहे.

मायक्रोसॉफ्ट आणि लिनक्स यांचे वैर एकेकाळी सासूसुनेहून प्रसिद्ध होते. त्यामुळे २० जुलै २००९ रोजी मायक्रोसॉफ्टने आपणहून सुमारे वीस हजार ओळींचा कोड लिनक्सला दिला तेव्हा सगळे चकित झाले. हा कोड होता ‘हायपर-व्ही’साठी, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या वाड्यात लिनक्सचे बिऱ्हाड सुखाने राहावे म्हणून लागणारा. अर्थात त्यामागे निव्वळ औदार्य नव्हते. स्टीफन हेमिंगर या प्रोग्रॅमरच्या आधीच लक्षात आले होते की, हायपर-व्हीच्या नेटवर्कच्या कोडमध्ये खुल्या परवान्याचे भाग बंद भागांशी जोडले आहेत, आणि ते परवान्यात बसत नाही. त्याने ही गोष्ट लिनक्सचे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्या कानावर घातली आणि पुढची सूत्रे हलली.

कोड आला, पण घरात घेण्याजोगा नव्हता. नावे ठेवण्याची पद्धत विंडोजची, मांडणी निराळी, कॉमेंट निराळ्या. लिनक्सने अशा पाहुण्यांसाठी एक ओसरी ठेवलेली असते. तिला ‘स्टेजिंग’ म्हणतात. हातपाय धुवा, मग आत या. क्रोआ-हार्टमन यांनी स्वतः शेकडो दुरुस्त्या करीत ओसरीवरच त्याची धुलाई सुरू केली. आणि महिना-दीड महिन्यातच, सप्टेंबर २००९ मध्ये, त्यांनी जाहीर सुनावले की, ज्यांचा हा कोड आहे ते मायक्रोसॉफ्टवाले पत्रांना उत्तरेच देत नाहीत. असेच चालले तर काढून टाकावा लागेल. देणगी द्यायची आणि नंतर तिकडे फिरकायचे नाही, हे लिनक्सच्या घरात चालत नाही.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टकडून ही जबाबदारी के. वाय. श्रीनिवासन यांनी उचलली. २०११ च्या जुलैमध्ये लिनक्स ३.० बाहेर आले तेव्हा बदलांच्या संख्येत पहिले नाव त्यांचे होते, तब्बल ३४३ बदल. ‘मायक्रोसॉफ्टचा माणूस लिनक्समध्ये पहिला’ अशा बातम्या झळकल्या. त्यातले बहुसंख्य बदल झाडलोटीचे होते हे बातमीत फारसे कुणी लिहिले नाही. नाव बदलले, निरुपयोगी ओळ काढली, कॉमेंट सुधारली, दोन तुकडे एक केले, असे ३४३ वेळा. २०१२ पर्यंत या कोडचे मुख्य भाग एकेक करून ओसरीवरून घरात आले.

आणि त्याच वर्षी एक लाजिरवाणी गोष्ट उघडकीस आली. लिनक्सचा पाहुणा हायपर-व्हीच्या यजमानाला आपली ओळख पटवताना एक क्रमांक सांगतो. संगणकाचे असे क्रमांक लिहिताना शून्य ते नऊ या आकड्यांबरोबर ए ते एफ ही अक्षरेही वापरतात. कुणा बहाद्दराने ती अशी जुळवली होती की, इंग्रजीत वाचले तर स्त्रीच्या शरीरावरची चावट शेरेबाजी व्हावी. इतक्या साफसफाईतून ती सुटून राहिली होती. बोभाटा झाल्यावर मायक्रोसॉफ्टने माफी मागितली. हा पोरकटपणा म्हणून सोडून द्यावा असे म्हणणारेही निघाले. पण त्या वीस हजार ओळी वाचायला बसणाऱ्यांत मुलीही असतात. ऑफिसच्या फळ्यावर कुणी असे लिहिले तर आपण पुसायला सांगणारच ना?

पुण्याहून बंगळूरला

बंगळूरचा आणि झाडलोटीचा संबंध मात्र याच्याही आधीचा आहे. इन्फोसिस ही कंपनी १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि १९८३ मध्ये बंगळूरला गेली. (पुणेकर अजूनही हळहळतात.) नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जगाला ‘वायटूके’ने धडकी भरवली. जुन्या प्रोग्रॅममध्ये जागा वाचवण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत, त्यामुळे २००० साल उजाडताच यंत्रे १९०० समजून बसतील अशी भीती होती. परदेशातल्या बँका, विमा कंपन्या यांचा तीस-तीस वर्षे जुना कोड ओळीओळीने तपासायला माणसे हवी होती. ती बंगळूर, पुणे, मुंबई, चेन्नई, हैदराबादने पुरवली. १ जानेवारी २००० ला जगात फारसे काही बिघडले नाही, आणि लगेच लोक म्हणू लागले, उगीच बाऊ केला होता! चांगल्या झाडलोटीच्या नशिबी हेच येते. भारतातल्या ज्या हजारो मुलामुलींनी ते काम केले त्यांची नावे त्या कोडमध्ये कुठेही नाहीत. काम गिऱ्हाइकाचे, कोडही गिऱ्हाइकाचा.

लिनक्समध्ये याच्या नेमके उलट आहे. तिथे एका स्वल्पविरामाचा बदल केला तरी करणाऱ्याचे नाव त्याच्याबरोबर कायमचे नोंदले जाते. २००४ पासून तर प्रत्येक बदलाखाली करणाऱ्याने सही करावी लागते की, हे द्यायचा मला अधिकार आहे. मग बंगळूरच्या मुलांनी तिथे का जाऊ नये, हा प्रश्न ज्यांनी तळमळीने विचारला त्यात अतुल चिटणीस (१९६२-२०१३) यांचे नाव अग्रभागी येते. १९९६ मध्ये ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाबरोबर लिनक्सची सीडी वाचकांच्या हाती पडली ती त्यांच्याच प्रयत्नांमुळे. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट ठिबकत होते त्या काळात ते केवढे मोठे काम होते, ते त्या पिढीला विचारावे. २००१ पासून बंगळूरमध्ये ‘लिनक्स बंगलोर’ हा मेळावा भरू लागला. २००५ मध्ये त्याचे ‘फॉस डॉट इन’ झाले आणि २०१२ पर्यंत तो चालला. नुसते वापरू नका, काही भर घाला, असा चिटणीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा उत्तरोत्तर आग्रह होत गेला. त्यावर काही जण नाराजही झाले. ऐकायला यायचे, चहा प्यायचा आणि घरी जायचे, ही सवय मोडणे कुणाला आवडते?

बंगळूरहून भर पडलीही. वाड्याचेच उदाहरण पुढे नेऊ. मोरी एकच आहे. एक भाडेकरू आत गेला, त्याने कडी लावली आणि नेमक्या त्याच क्षणी घरमालकाने त्याला झोपवले, कारण यंत्राचा वेळ आता दुसऱ्याला द्यायचा होता. बाहेर बाकीचे बादल्या घेऊन ताटकळत उभे. नुसते उभे नाहीत, दर क्षणाला कडी वाजवून बघताहेत आणि तेवढ्यासाठी यंत्राचा वेळ जाळताहेत. आभासी संगणकांत हा प्रसंग वारंवार येतो. त्यावरचा तोडगा असा की, थोडा वेळ वाट पाहून भाडेकरूने घरमालकाला सांगावे, ‘मीही पडतो जरा, मोरी रिकामी झाली आणि माझा नंबर आला की उठवा.’ केव्हीएममध्ये ही व्यवस्था आणण्यात आयबीएमच्या बंगळूर येथील अभियंत्यांचा मोठा वाटा होता. त्यासाठी कुलपांचा जुना कोड मुळापासून नव्याने मांडावा लागला. वारंवार दुरुस्त्या, पुन्हा चाचण्या, पुन्हा शंका, असे करीत २०१३ च्या नोव्हेंबरमधल्या लिनक्स ३.१२ मध्ये ती आली. आणि दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, रांग लावण्याची आणखी चांगली पद्धत निघाली. काही काळाने आधीचा कोड झाडून काढण्यात आला. कुणी रडले नाही. साफसफाई करणाऱ्याचे कामही एक दिवस साफ होते, हे तिथे सगळ्यांना मान्य असते.

झाडताना केशर गेले

इतके वाचून कुणाला वाटेल, तर मग सरसकट झाडू फिरवावा. तेही महागात पडते. २००६ च्या मे महिन्यात डेबियन या लिनक्सच्या प्रकारात एक ओळ ‘साफ’ केली गेली. कोड तपासणारे एक यंत्र त्या ओळीबद्दल कुरकुर करीत होते. दोन ठिकाणी दोन सारख्याच ओळी होत्या. एक गेली असती तरी चालले असते. दुसरी मात्र गुप्त किल्ल्या बनवताना लागणारी अनिश्चितता गोळा करणारी होती. ती का महत्त्वाची, हे सांगणारी चिठ्ठी तिच्याशेजारी नव्हती. दोन्ही गेल्या. त्यानंतर दोन वर्षे, २००८ च्या मेपर्यंत, त्या यंत्रणांवर बनलेल्या किल्ल्या जेमतेम ३२,७६८ प्रकारांतल्याच असत. चोराला एक दिवस पुरे. दिवाळीच्या सफाईत कागदाचा बोळा समजून केशराची पुडी केरात जावी, तसे झाले. फरक इतकाच की, इथे पुडी सगळ्या जगाची होती.

म्हणून कर्नलची जुनी मंडळी झाडूवाल्या नवशिक्यांकडे जरा संशयानेच बघतात. नवा मुलगा येतो, एक तपासणी-प्रोग्रॅम चालवतो, त्याने दाखवलेल्या शेकडो ठिकाणच्या मोकळ्या जागा सारख्या करतो आणि पाठवून देतो. चालत्या कोडवर अशी वरवरची रंगरंगोटी नको, असे लिनक्सच्या नियमपुस्तिकेतच समजावलेले आहे. कारण प्रत्येक ओळ शेवटची कुणी हात लावली तेवढेच चटकन दाखवते. रंगरंगोटीवाल्याचे नाव वर येते आणि ती ओळ मुळात कुणी, का लिहिली हे शोधायला आणखी खोल जावे लागते. कॉमेंटबाबतही तिथला दंडक आपल्या शाळेतल्या सवयीच्या विरुद्ध आहे. कोड कसा चालतो हे सांगू नका, तो काय करतो ते सांगा. कसे चालते हे सांगावे लागत असेल तर कोडच पुन्हा लिहा.

आता तर यंत्रेच कॉमेंट लिहून देऊ लागली आहेत. मजकूर सुबक असतो. पण यंत्राला डब्यावरचे आणि डब्यातले दिसते, तिथे मीठ का ठेवले होते हे दरवेळी दिसत नाही. ते ज्याला ठाऊक होते तो कदाचित दहा वर्षांपूर्वीच नोकरी बदलून गेलेला असतो.

बंगळूरच्या कंपन्यांत वर्षअखेरीला कामाचा आढावा होतो तेव्हा ‘नवीन काय केले?’ हा रकाना मोठा असतो. काय मोडू दिले नाही, याला बहुतेक ठिकाणी रकानाच नसतो. त्यामुळे हुशार मुले हे काम टाळतात, आणि ज्याला टाळता येत नाही त्याच्या गळ्यात ते पडते. मग तो ते कसेबसे उरकतो. ज्या साहेबांना हे उमगले आहे ते आपल्या तुकडीतल्या अनुभवी माणसालाच त्यावर बसवतात. कारण कुठला बोळा कचरा आणि कुठला केशराचा, हे ओळखायला मुरलेली नजर लागते.

लिनक्समध्ये हे काम प्रत्यक्षात कसे चालते, ते साधे आहे. समजा कोरमंगलाच्या एखाद्या खोलीत रात्री जेवण झाल्यावर एखादी मुलगी केव्हीएमचा कोड वाचत बसली आहे. तिला दिसते की, वर लिहिले आहे, ‘इथे येण्याआधी हे कुलूप लावलेले असते’. पण खाली ते कुलूप तीन वर्षांपूर्वीच काढून टाकलेले आहे. बदल चार ओळींचा, तोही फक्त कॉमेंटचा. पण तो पाठवण्यापूर्वी तिला त्या ठिकाणी येणारी प्रत्येक वाट शोधावी लागते. न जाणो, कॉमेंट खरी असेल आणि कुलूप काढणाराच चुकला असेल. त्यात दोन-तीन रात्री जातात. मग ती काय बदलले यापेक्षा का बदलले ते सविस्तर लिहिते, खाली सही करते आणि त्या भागाच्या कारभाऱ्याला ईमेलने धाडते. चिठ्ठीत एक ठरलेले वाक्य असते, कामकाजात कोणताही बदल अभिप्रेत नाही. आठवडाभर काहीच कळत नाही. मग उलट प्रश्न येतो, अमुक वाटेने आले तर? ती वाट तिने पाहिलेली असते, तसे ती कळवते. आणखी चार दिवसांनी एका ओळीचे उत्तर येते की, बदल घेतला आहे.